भाजलं की वाढलं

...नाही गं, बहिरे नव्हते ते पेटीवाले, तेच तर मघापासून सांगतेय. म्हणजे होते, पण लोक म्हणायचे तसे नव्हते. थांब, आधी पेन नीट धर आणि सुरुवातीपासून लिही, नाहीतर माझं एकीकडे नि तुझं भलतीकडे. गोष्ट टपालची आहे. टपाल म्हणजे पेटीवाल्यांची मुलगी. आता तिच्या नावाआधी डॉक्टर लावतात. सुई टोचणारी डॉक्टर नव्हे हो, शोध लावणारी. सगळी हयात तिनं माणसाच्या कानात घालवली. पण आपल्या जिन्यात ती टपालच. का, ते येईल पुढं.

पेटीवाले खाली दुकानात पत्र्याच्या ट्रंका करायचे. वर त्यांच्या दोन खोल्या, पुढची बसायची आणि मागचं स्वयंपाकघर, मध्ये दार नाही, नुसती चौकट. सकाळी आठला ठोकाठोकी सुरू व्हायची ती दिवेलागणीला थांबायची. पत्रा कुठं दबलाय, कुठं फुगलाय हे तो माणूस बघून नाही, ऐकून सांगायचा. हातोडी पडली की म्हणायचा, "इथं पोकळ बोलतोय." आणि तिथंच पोकळ निघायचं. असा कानाचा माणूस. भंगारवाला यायचा, त्याचा आवाज घागरीतून आल्यासारखा, त्याचं अर्धं वाक्यसुद्धा पेटीवाल्यांना कळायचं. पण बायकोनं हाक मारली की चारदा मारावी लागायची. तिचा आवाज बारीक, सुईसारखा. पाचव्यांदा ते "काय?" म्हणायचे. नाहीतर म्हणायचे, "बरं."

"काय?" परवडलं गं. त्या "बरं"नं घर मोडायची वेळ आणली.

टपाल पाच वर्षांची असेल. बायको मागून म्हणाली, "अहो, पोरीला ताप आलाय." पेटीवाले ताडकन उठले, दाराआडची काठी घेतली आणि पलंगाखाली घालून ढोसायला लागले.

"काय शोधताय?"

"कुठं गेला?"

"कोण?"

"साप."

सगळा जिना पोट धरून हसला. त्यानंतर कित्येक वर्षं कुणाला ताप आला की कोणीतरी म्हणायचंच, "पेटीवाले, काठी घ्या." ते बिचारे स्वतःही हसायचे. बायको नाही हसली. ती त्यांना धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर मागं उभा राहिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पोटात दुखतं का?" पेटीवाले म्हणाले, "पोटाचं काही नाही, कानासाठी आलोय." डॉक्टर हसला. म्हणाला, "बाई, कान ठणठणीत आहेत. माणसाला जे ऐकायचं नसतं ते ऐकू येत नाही, त्याला माझ्याकडे औषध नाही."

झालं. डॉक्टरनंच शिक्का मारला. समोरच्या खोलीत एक बाई शिलाईचं मशीन चालवायची, जीभ मशीनपेक्षा जोरात. तिनं नाव पाडलं, "सोयीचा बहिरा." जिनाभर झालं ते. ती समोरची म्हणजे मीच, लपवण्यासारखं काही नाही. पण गोष्ट माझी नाही, म्हणून तू समोरचीच लिही.

आता पायाचं सांगते. टपाल तेव्हा नऊ वर्षांची. सुट्टीचा दिवस, दुकान बंद, दुपारी बाराची वेळ. पेटीवाले पुढच्या खोलीत, स्वयंपाकघराकडे पाठ करून, एका छोट्या पेटीच्या मुठीला तार गुंडाळत बसलेले. मागं स्टोव्ह भरभरत होता. बायकोनं उकळतं पातेलं उतरवलं, चिमटा सटकला, सगळं पाणी डाव्या पावलावर. ती ओरडली नाही. असं होतं कधीकधी, श्वासच अडकतो. भिंतीला धरून नुसतं म्हणाली, "अहो, भाजलं."

पेटीवाल्यांनी वळून न बघता उत्तर दिलं, "बरं, येतो."

आणि तार गुंडाळत राहिले.

समोरचीनं दोन्ही ऐकलं, दार उघडंच होतं. ती मशीन सोडून धावली, पाण्याची बादली ओतली, आणि मग पेटीवाल्यांना काय काय बोलली ते लिहू नकोस. ते उभे राहिले, पांढरे पडले, म्हणाले, "अगं, मला वाटलं..." बायकोनं बोट वर केलं. "काही वाटून घेऊ नका. बरं म्हणालात ना? बरंच आहे."

त्या दिवसापासून तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, तंटा नाही. त्यांचं जेवण वेळेवर, कपडे धुतलेले. फक्त त्यांना उद्देशून एक शब्द नाही. पाय बरा झाला, पण दोन बोटं चिकटली, ती थोडी तिरपी चालायची. आणि जे सांगायचं ते पोरीमार्फत. "तुझ्या बाबांना सांग, पीठ संपलंय." "तुझ्या बाबांना विचार, छत्री कुठं ठेवली." दोन खोल्यांत बारा पावलांचं अंतर, पोर दिवसभर इकडून तिकडं. म्हणून टपाल.

पण टपाल म्हणजे नुसती थैली नव्हे, डोकं होतं तिला. महिनाभरात तिच्या ध्यानात आलं की निरोप बाबांच्या पाठीमागून दिला तर भलतंच होतं. फणी मागितली तर पाणी येतं. समोर उभं राहून, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून सावकाश सांगितलं, तर बरोबर फणीच येते. तिनं आईला हे सांगितलं.

आई म्हणाली, "तू समोर आलीस की त्यांना माया येते, म्हणून ऐकतात. मनात असलं की ऐकू येतं, बाई."

"आणि मनात असून नाही आलं तर?"

"मग बरं कशाला म्हणाले?"

न ऐकलेल्या गोष्टीला कोणी बरं म्हणत नाही. म्हणजे बाबांनी ऐकलं, आणि ऐकून बसून राहिले. ते पोरीला पटेना, आणि खोडताही येईना. हा काटा नवव्या वर्षी लागला तो तिशी ओलांडेपर्यंत आत होता. लोक तिला विचारतात, तुम्ही कानाच्या शास्त्रात कशा आलात, तर ती काहीतरी पुस्तकी सांगते. खरं कारण हे आहे.

शिकली. कॉलेजात विज्ञान घेतलं, मग दुसऱ्या गावी कानाच्या एका संस्थेत लागली. घरी टपाल राहिलं नाही, तर आईनं डबे चालू केले. पीठ संपलं की रिकामा डबा नेऊन नवऱ्यासमोर ठेवायची. तेल संपलं की बाटली. पेटीवाले बघायचे, उठायचे, आणायचे. खरं सांगू? डब्यांची भाषा त्यांना बोलण्यापेक्षा बरी कळायची. एकदा ती घाईत दोन डबे ठेवून गेली, तर समोरचीला म्हणाले, "आज फार बोलली ती."

तिकडं टपाल पहिली पाच-सहा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. उंदरांच्या कानातले केस मोजायचे. हसू नको, कानाच्या आत, खोल, गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात ओळीनं बारीक केस असतात, गवतासारखे. आवाज आला की ते लवतात, तेव्हा आपल्याला ऐकू येतं. फार दणका बसला की मोडतात, आणि मोडले की पुन्हा उगवत नाहीत. आणि गंमत बघ, बारीक आवाजाचे केस नळीच्या दारातच असतात, जाड आवाजाचे पार आत. सुट्टीला आली तेव्हा तिनं समोरचीला हे सांगितलं. समोरची म्हणाली, "म्हणजे दारातलं पायपुसणं आधी झिजतं, आतली सतरंजी तशीच राहते." टपालनं ते वहीत लिहून घेतलं. पुढं भाषणात वापरायची म्हणे, माझं नाव न घेता.

मग संस्थेत माणसं तपासायचं काम आलं. पत्रा ठोकणारे, बॉयलर जोडणारे, सगळे लोखंडातले लोक. जाड भिंतींच्या छोट्या खोलीत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं, आत शिट्टी वाजली की माणसानं बटण दाबायचं. शिट्टी ऐकू आली, बटण. नाही आली, गप्प. कागदावर रेघ उमटायची, मोठे साहेब ती बघून लिहायचे, "थोडं कमी. कामास योग्य." माणूस घरी जायचा आणि बायको म्हणायची, बघा, मी म्हणतच होते, सगळं येतं ऐकू.

शिट्टीशिवाय शब्दांचीही एक यादी होती, विद्वानांनी केलेली. एकदा एका रिबिट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, ठोकणाऱ्याला शब्द आला "प्रपात". तो म्हणाला, "परात." साहेबांनी फुली मारली.

टपाल म्हणाली, "साहेब, ह्यांना प्रपात शब्दच माहीत नाही."

"मग?"

"मग ही फुली कानाला मारली की शाळेला?"

साहेब म्हणाले, "तू फार बोलतेस."

पण तिला धागा सापडला होता. तिनं स्वतःची यादी करायला घेतली. शब्द पुस्तकातून नाही काढले. वही घेऊन जिन्याजिन्यात उभी राहायची, पत्र्याच्या शेडमध्ये, धुण्याच्या दगडापाशी, आणि माणसं एकमेकांना लांबून हाक मारून काय सांगतात ते टिपायची. आण. ने. चावी. झालं. फणी. उतू गेलं. ताप. कोण आलंय. पोरं मागं लागायची, "शब्दवाली आली, शब्दवाली आली." ह्यात पाच वर्षं गेली. साहेब म्हणायचे, "तुला शास्त्रज्ञ म्हणून ठेवलंय, बायकांच्या गप्पा लिहायला नाही." तिनं लिहून पाठवलं ते तीनदा परत आलं. एकानं तर लिहिलं, ह्यात विज्ञान कुठं आहे. तो कागद तिनं कपाटाला आतून चिकटवून ठेवला होता. लग्नाचं म्हणशील तर राहूनच गेलं. विचारलं की म्हणायची, "घरात दोन माणसं आहेत, त्यांचंच अजून जमलेलं नाही."

शेवटी साहेबांनी अट घातली. लोखंडातली चाळीस माणसं तपास, एकही कमी नको, मग बघू. एकोणचाळीस झाली. चाळिसावा ऐनवेळी काम बदलून गाव सोडून गेला, आणि अहवाल द्यायला पाच दिवस उरले.

ती घरी आली. पेटीवाले आता साठीचे, दुकानात अजून बसायचे. कान तपासू म्हणून तिनं त्यांना पूर्वी दहा वेळा विचारलं होतं, दहाही वेळा ते म्हणाले होते, "डॉक्टरनं तपासलेत. ठणठणीत आहेत." ह्या वेळी ती त्यांच्यासमोर पाटावर बसली, गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबा, चाळीस पाहिजेत. एक कमी पडतोय."

त्यांनी शेजारची कडी उचलली.

"तुम्हाला भीती कसली वाटते?"

त्यांनी ती कडी उलटीपालटी केली. मग म्हणाले, "तुझ्या यंत्रानंही ठणठणीत म्हटलं, तर मी तुझ्या आईला काय तोंड दाखवू? आत्ता निदान मला वाटतं तरी, की माझं काहीतरी बिघडलं असेल."

तीच भीती टपाललाही होती, तेवीस वर्षं.

मग तेच म्हणाले, "एका रिबिटासाठी पेटी अडवायची नसते. कधी यायचं?"

दुसऱ्या दिवशी सगळे गेले. आईला ती म्हणाली, "मी कुठं काम करते ते एकदा बघायला चल." आई समोरचीला म्हणाली, "तू पण चल, मला त्यांच्याबरोबर एकटीला बसायचं नाही." चौघं बसमध्ये तीन बाकांवर.

पेटीवाल्यांना त्या जाड खोलीत बसवलं. मध्ये काच. टपाल बाहेर कागद घेऊन, तिच्या मागं बाकावर आई आणि समोरची. शब्द एका बाईच्या साध्या आवाजात भरून ठेवलेले, मागं बारीक गोंगाट, बाजारात असतो तसा. यंत्र शब्द म्हणणार, त्यांनी ऐकलेला परत म्हणायचा. बाहेर छोट्या कर्ण्यातून दोन्ही ऐकू यायचं. आणि एक नियम होता, टपालनंच केलेला: तपासणाऱ्यानं चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. बरोबर असो, चूक असो, लिहायचं आणि पुढं जायचं.

यंत्र म्हणालं, "चावी." आतून, "चावी."

"फणी." "पाणी."

"घोडा." "घोडा."

"ताप." "साप."

आईनं नाकानं आवाज केला. समोरचीनं तिला कोपर मारलं.

आणखी सात-आठ शब्द गेले. मग यंत्र म्हणालं, "भाजलं."

आतून, अगदी सहज, जराही न अडखळता, ठाम आवाजात आलं, "वाढलं."

टपालचा हात थांबला. यंत्राला काय, ते पुढचे शब्द म्हणत राहिलं, पेटीवाले उत्तरं देत राहिले, पण कागदावर काही उतरेना. तीन शब्द कोरे गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांना नियम शिकवलेली बाई, स्वतः चुकली. ते तीन शब्द नंतर पुन्हा घ्यावे लागले.

तिनं यंत्र बंद केलं आणि आत गेली. दार उघडंच राहिलं.

"बाबा, आईचा पाय भाजला त्या दिवशी तुम्हाला काय ऐकू आलं होतं?"

"आता ते कशाला?"

"ऐकू आलं का, असं नाही विचारत. काय ऐकू आलं?"

त्यांनी कानावरचं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. "वाढलं, म्हणाली. बाराची वेळ, जेवायचीच वेळ ती. मी म्हटलं, बरं, येतो. तारेचे दोन वेढे राहिले होते, तेवढे मारून उठणार होतो. तेवढ्यात समोरची आली बोंबलत."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"कोणाला? बोलायचं बंद झालं ना." मग म्हणाले, "आणि मला तर नंतर कळलं तिचं भाजलं ते. मला वाटलं, दोन्ही म्हणाली असेल. वाढलं आधी, भाजलं मग. दुसरं मी ऐकलं नसेल. म्हणजे चूक माझीच ना?"

कळलं का तुला? नाही कळलं तर सांगते. शब्दात एक जाड भाग असतो, एक बारीक. आ, ओ हे जाड, ते आतल्या सतरंजीवर पडतात, ऐकू येतात. ज, फ, स, त ह्यांची टोकं बारीक, दारातच अडकतात. भाजलं आणि वाढलं, दोन्हींचा जाड भाग एकच. बारीक काडी गळून पडली की राहिलेलं माणूस आपल्या वेळेप्रमाणं भरतो. बाराला त्यानं वाढलं भरलं. त्याला ते अर्धवट ऐकू आलं नव्हतं गं, पुरतं ऐकू आलं होतं, फक्त दुसरंच. म्हणून त्यानं "काय?" नाही विचारलं.

टपाल बाहेर आली. आई बाकाच्या कडेला आलेली, तिनं दारातून अर्धंमुर्धं ऐकलं होतं. टपालनं तोंड उघडलं, "आई, बाबा म्हणतायत की..." आणि थांबली. इतक्या वर्षांची सवय, तोंडात निरोप तयार. तिनं तो गिळला.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "आत जा. समोर बस. सावकाश बोल, आणि हनुवटी खाली घालू नकोस, त्यांना तुझे ओठ दिसले पाहिजेत."

आई गेली, तिरपी तिरपी चालत. दार ओढलं गेलं. टपालनं कर्ण्याची कळ फिरवून बंद केली. काचेतून दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. आईचे ओठ हलले. पेटीवाल्यांनी मान हलवली. मग त्यांनी हातानं तार गुंडाळायची खूण करून दाखवली, एक वेढा, दोन वेढे. आईनं चप्पल काढून पाय पुढं केला आणि ते खाली वाकून बघत राहिले, पेटीचा कोपरा बघावा तसे. तेवीस वर्षांत त्यांनी तो पाय जवळून बघितलाच नव्हता. धाडस झालं नव्हतं.

समोरची बाकावर बसून स्वतःचा पदर चावत होती. सोयीचा बहिरा, हा शब्द तिचा. जिनाभर वाटलेला.

अर्ध्या तासानं दोघं बाहेर आले. आईचे डोळे लाल, पण आवाज तोच सुईचा. समोरचीला म्हणाली, "ऐकलंस ना? भाजलं ऐकू नाही आलं ते केलं माफ. पण वाढलं ऐकू आलं, तरी हा माणूस तार गुंडाळत बसला. ते मी विसरणार नाही." पेटीवाले मागून म्हणाले, "काय?" ती वळली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, टोमण्यासकट.

अहवाल गेला. चाळीस माणसांत एकतीस अशी निघाली, ज्यांना शिट्टीच्या कागदावर कामास योग्य म्हटलं होतं आणि घरात रोज भलतंच ऐकू येत होतं. टपालची यादी पुढं बऱ्याच ठिकाणी गेली, सगळीकडे नाही. काही ठिकाणी अजून प्रपातच वाजवतात. तिला मोठा मानमरातब असा काही मिळाला नाही, एक शाल मिळाली, ती आई वापरायची. पेटीवाल्यांना कानात घालायचं यंत्र दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी दोनदा मागं वळून बघितलं, म्हणाले, "माझ्या चपला एवढ्या वाजतात, कोणी सांगितलं कसं नाही?" दुकानात मात्र काढून ठेवायचे, हातोडी सहन व्हायची नाही. मग आई जिना उतरून खाली जायची, समोर उभी राहायची आणि सांगायची, "वाढलं." आणि हातातलं टाकून ते लगेच उठायचे.

आता दोघंही नाहीत. टपाल निवृत्त झाली, तिच्याच डाव्या कानात आता शिट्टी वाजते म्हणे, कोणी न वाजवता. फोनवर बोललं की "बरं" म्हणते. मी लगेच विचारते, "काय ऐकू आलं, सांग बघू." ती हसते.

संपलं, पण पेन ठेवू नकोस, एवढं शेवटचं लिही. हे जो कोणी वाचेल त्यानं एक निरोप पोचवायचा आहे. तुमच्या जिन्यात, गल्लीत, घरात कोणाला तरी सोयीचा बहिरा म्हणत असतील. त्याला नाही, त्याच्या घरच्या माणसाला जाऊन सांगा. ऐकू आलं का, असं विचारू नका, तो हो म्हणेल. समोर बसा आणि विचारा, काय ऐकू आलं. एका शिवणवाल्या बाईनं सांगितलंय म्हणावं, जिनं हे विचारायला उशीर केला.